तोंडाचा कॅन्सर आणि लस: कुणी घ्यायची, कशी घ्यायची आणि कुणी तिच्या भरवशावर राहायचं नाही

चोपड्यात माझा दातांचा दवाखाना आहे. दाढ काढायला नाहीतर कवळी बसवायला आलेली माणसं हल्ली जाता जाता एक प्रश्न हमखास विचारतात. मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, "ताई, ती कॅन्सरनी लस माले दी द्या, मंग पुडीनं भ्याव नही." म्हणजे मग गुटख्याच्या पुडीची भीती नाही. विचारणारा बहुतेकदा पंचविशीतला असतो, जिनिंगवर किंवा केळीच्या गाडीवर कामाला असतो, आणि बोलताना त्याचं तोंड पुरतं उघडत नसतं.

याचं उत्तर खुर्चीशेजारी उभं राहून दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. लस आहे, ती खरी आहे, आणि आपल्या मुलामुलींना ती द्यावी असं माझं ठाम मत आहे. पण ती ज्या कॅन्सरपासून वाचवते तो आणि आपल्या खान्देशात गालाच्या आत होतो तो, हे बहुतांशी वेगवेगळे आजार आहेत. एवढा फरक लक्षात आला की घरात कुणी लस घ्यायची, कुणी आरशासमोर उभं राहायचं आणि कुणी आजच डॉक्टर गाठायचा, हे ठरवणं अवघड नाही.

लस कशाविरुद्ध काम करते

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा एक विषाणू. त्याचे शंभरावर प्रकार आहेत आणि त्यातला १६ नंबरचा सगळ्यात घातक. बायकांना होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मूळ या विषाणूत आहे हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळालं. हाच विषाणू घशातही ठाण मांडतो, विशेषतः टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या अगदी मागच्या, मुळाकडच्या भागात. अमेरिकेत घशाच्या या भागातल्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीमुळे होतात, आणि पुरुषांना जास्त होतात.

म्हणून जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गार्डासिल ९ या लसीच्या उपयोगांत घशाच्या आणि डोक्या-मानेच्या एचपीव्हीजन्य कॅन्सरचा प्रतिबंध हाही जोडला. घशातला कॅन्सर व्हायला संसर्गानंतर कितीतरी वर्षं जातात, त्यामुळे लस घेतलेल्या पिढीत तो किती घटला हे मोजायला अजून अवकाश आहे. तोवर शास्त्रज्ञ तोंडातला संसर्ग मोजतात. कोस्टा रिका देशात तरुण मुलींवर झालेल्या चाचणीत, लस दिल्यानंतर चार वर्षांनी, १६ आणि १८ नंबरच्या विषाणूंचा तोंडातला संसर्ग लस घेतलेल्यांमध्ये सुमारे ९३ टक्क्यांनी कमी आढळला. अमेरिकेतल्या तरुणांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही अशीच, ८८ टक्के घट दिसली. मला हे आकडे पुरेसे बोलके वाटतात.

आता आपल्याकडचं बघू. माझ्याकडे येणारे चट्टे आणि जखमा असतात गालाच्या आत, गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत, नाहीतर जिभेच्या कडेला. म्हणजे तंबाखूचा बार भरायच्या जागी. इथे गुन्हेगार तंबाखू आणि सुपारी. दारू सोबत असली तर धोका आणखी चढतो. विषाणूचा वाटा आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये थोडा आहे.

सुपारीबद्दल तर फार गैरसमज आहेत. "मी तंबाखू खात नाही हो, नुसती सुपारी" हे सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर निर्धास्तपणा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच नुसत्या सुपारीला, तंबाखू नसतानाही, कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. तव्यावर भाजून दाताला लावलेली मशेरी हीसुद्धा तंबाखूच. आजीबाईंना हे सांगितलं की त्या म्हणतात, मी खात नाही, फक्त घासते. पण ती हिरडीवर जितका वेळ राहते तितका वेळ तिचं विष आत जात असतं.

तंबाखू-सुपारीच्या कॅन्सरवर लस का काढता येत नाही, असं बारावी सायन्सची एक मुलगी मला विचारत होती. प्रश्न रास्त आहे. लस शरीराला परक्याची ओळख करून देते, आणि विषाणू परका असतो. तंबाखूने होतो तो बिघाड आपल्याच पेशींच्या जनुकांत, आणि प्रत्येक माणसात निराळा. सगळ्यांना आधीच टोचून ठेवावी अशी एकच ओळख तिथे सापडत नाही.

दुसरी मर्यादा एचपीव्हीच्या लसीचीच आहे. संसर्ग होण्याआधी घेतली तर ती काम करते. बसलेला विषाणू ती हुसकावत नाही आणि झालेला कॅन्सर बरा करत नाही. शेतकऱ्यांना मी सांगते, ही बीजप्रक्रिया आहे. पेरणीआधी बियाण्याला केली तर पीक वाचतं, उभ्या कपाशीत रोग शिरल्यावर तीच पावडर उधळून काही होत नाही.

मुलामुलींना लस देताना

योग्य वय ९ ते १४. या वयात लस दिली तर शरीराचा प्रतिसादही जोरदार असतो आणि विषाणूशी गाठ पडलेली नसते. हा विषाणू मुख्यतः लैंगिक संपर्कातून पसरतो, आणि इथेच आईबाप अडखळतात. "एवढ्या लहान पोरीला कशाला?" मी त्यांना हिपॅटायटिस बी ची आठवण करून देते. तीही यकृताच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस आहे, तो विषाणूही रक्तातून आणि लैंगिक संपर्कातून पसरतो, आणि तरी आपण ती जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांच्या आत देतो. तेव्हा कुणी नाक मुरडत नाही. लस आधी द्यायची असते, एवढंच त्यात आहे.

आपल्या देशात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस मिळते. तिला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ च्या सुरुवातीला ती बाजारात आली. विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर ती आहे, आणि ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी मान्य आहे. ९ ते १४ वयात दोन डोस, मध्ये सहा महिने. १५ ते २६ मध्ये तीन डोस: पहिला आज, दुसरा दोन महिन्यांनी, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. परदेशी कंपनीची गार्डासिलही मिळते, ती महाग पडते. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून ९ ते २० वयात एक किंवा दोन डोस चालतील असं सांगते, तेव्हा सरकारी मोहिमेत एकच डोस दिला तर "आमची लस अर्धवट राहिली" असं समजू नका.

पैसे भरण्याआधी गावातल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारा की मुलींना ही लस सध्या कोणत्या वयात मोफत मिळते. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी तिची शिफारस २०२२ सालीच केली होती. मुलग्यासाठी बहुधा खासगीतच घ्यावी लागेल. पण घ्या. "ही पोरींची लस ना?" असं म्हणून बाप मुलाला घेऊन परत फिरतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण घशाचा हा कॅन्सर पुरुषांनाच जास्त गाठतो.

आता थंडाव्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्या भागात हाच मुद्दा सगळ्यात कच्चा आहे. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, आणि मी अशी माणसं पाहिली आहेत जी जळगावहून लस घेऊन, शर्टाच्या खिशात घालून, मोटरसायकलवर आली. ती लस गेली. उलट चूकही तितकीच होते: थर्मासमध्ये बर्फाच्या खड्यांत कुपी गाडून आणतात. ही लस गोठली तरी वाया जाते, आणि वितळल्यावर ती गोठली होती हे नुसतं बघून ओळखू येत नाही.

तेव्हा सोपा मार्ग असा की लस ज्या दवाखान्यात साठवलेली आहे तिथेच जाऊन टोचून घ्या. बालरोगतज्ज्ञांकडे रोजच्या लसीकरणासाठी वेगळा फ्रीज, त्यात थर्मामीटर आणि वीज गेली तरी तग धरणारी सोय असते. दिवसातून कितीदा वीज जाते आणि तेव्हा काय करता, हे त्यांना मोकळेपणाने विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट तापमानाची वही दाखवतो. आणायचीच वेळ आली तर व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस नेण्याचा थंड डबा, मागून घ्या. आइस पॅक फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवा, त्याला घाम सुटू द्या, कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच कॅरिअरमध्ये भरा. कुपी पॅकला थेट चिकटू देऊ नका. मध्ये हॉटेलात जेवायला थांबू नका.

टोचण्याआधी कुपीवरची मुदत आणि बॅच नंबर स्वतः वाचा आणि कार्डावर उतरवून घ्या. सुई दंडाच्या वरच्या स्नायूत देतात. मूल उपाशीपोटी नको. दिल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवा, कारण या वयातल्या मुलांना सुईच्या धसक्याने भोवळ येते आणि उभ्याने पडली तर डोक्याला लागतं. दंड दुखणं, थोडी सूज, एखाद दिवस कणकण, एवढं चालतं. अंगात जोराचा ताप असेल तर तारीख पुढे ढकला. गरोदरपणात ही लस देत नाहीत. यीस्टची किंवा आधीच्या डोसची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दुसऱ्या डोसची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत पहिला दिला तर दुसरा उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, शाळा बुडत नाही.

या लसीने पोरींना मूल होत नाही, असं जे फिरतं त्यात तथ्य नाही. जगभर कोट्यवधी डोस दिले गेले, वंध्यत्वाशी संबंध आढळलेला नाही. काही वाचक २०१० सालची आठवण काढतात: आंध्र प्रदेश आणि गुजरातमधला लसीकरणाचा एक प्रकल्प काही मुलींच्या मृत्यूनंतर थांबवला गेला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पालकांची संमती घेण्यात मात्र गंभीर हलगर्जी झाली होती, आणि ती टीका योग्यच होती. म्हणून सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

लस दिलेल्या मुलालाही एक गोष्ट स्पष्ट सांगायची: ही तुला पुडीपासून वाचवणार नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी शाळेच्या कोपऱ्यावर दोन पुड्या मिसळून खाणारी पोरं मला दिसतात.

मोठ्यांनी आरशासमोर काय बघायचं

तंबाखू, सुपारी, मशेरी यांपैकी काहीही खाणाऱ्या किंवा कधीकाळी खाल्लेल्या माणसाला लसीपेक्षा डोळे जास्त उपयोगी आहेत. हे मी मनाने म्हणत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांना नुसतं उजेडात तोंड बघायला शिकवून मोठी चाचणी झाली. २००५ साली तिचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, रक्त तपासणी नाही.

महिन्यातून एकदा, एखाद्या ठरलेल्या दिवशी, चांगल्या उजेडात आरसा घ्या. कवळी असेल तर काढा, चूळ भरा, हात धुवा. मोबाइलची बॅटरी लावा. आधी ओठ उलटे करून आतून बघा. मग बोटाने गाल बाहेर ओढून आतला भाग, दोन्हीकडचा, अगदी शेवटच्या दाढेच्या मागपर्यंत. बार जिथे ठेवता ती जागा सगळ्यात जास्त वेळ बघा, बोटाने चाचपा, खडबडीत किंवा टणक लागते का ते पाहा. मग जीभ बाहेर काढून स्वच्छ फडक्याने टोक धरा आणि डावीकडे-उजवीकडे ओढून तिच्या कडा बघा, कारण जिभेचा कॅन्सर बहुधा कडेला सुरू होतो. जीभ टाळूला लावा, खालची जागा बघा. डोकं मागे टाकून टाळू. "आ" म्हणून घसा. शेवटी जबड्याखाली आणि मानेवर दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून गाठ लागते का बघा.

काय दिसलं तर घाबरून नव्हे, पण लगेच निघायचं? दोन आठवड्यांत न भरलेली जखम, दुखत नसली तरीही. सुरुवातीला ती सहसा दुखत नाहीच, आणि तिथेच माणूस फसतो. खरवडून न निघणारा पांढरा चट्टा. लाल मखमलीसारखा चट्टा, तो पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. कारण नसताना हललेला दात, दाढ काढल्यावर महिना झाला तरी न भरलेला खड्डा, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, गिळताना एका बाजूला दुखून कानात कळ जाणं, मानेतली न दुखणारी गाठ. शेवटच्या दोन खुणा घशाच्या, एचपीव्हीवाल्या कॅन्सरच्याही असतात, आणि तो जिभेच्या मुळाशी असल्याने आरशात दिसत नाही. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञच लागतो.

तीन बोटांची परीक्षा तर आत्ता, हे वाचतानाच करा. स्वतःच्या हाताची पहिली, मधली आणि अनामिका ही तीन बोटं जोडून, उभी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. सहज गेली तर ठीक. दोनच गेली, तर गालाच्या आतली कातडी बहुधा कडक होत चालली आहे. याला आम्ही सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो, हे सुपारीचं काम. कॅन्सरच्या आधीची अवस्था आहे ही. आपल्याकडे याची पहिली खूण जेवणाच्या ताटात दिसते. थंडीत भरिताच्या पार्टीला बसलेला पोरगा, लहानपणापासून हिरव्या मिरचीचं भरीत आणि कळण्याची भाकरी खात आलेला, एक दिवस म्हणतो, झोंबतंय. मग शेवभाजीतला काळा मसाला सोसत नाही. मग पाणीपुरी तोंडात जात नाही. घरचे म्हणतात उष्णता झाली, सब्जा पी. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या महिनोन् महिने चालतात. तोंड आलंय म्हणून तुरटी, हळद, ग्लिसरीन लावत बसण्यात जे महिने जातात, तेच महिने उपचारासाठी सोन्याचे असतात.

सुपारी सोडल्यावर तोंडाचे व्यायाम, औषधं, गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी आराम पडतो. पण आलेला कडकपणा सहसा पुरता जात नाही, म्हणून दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं, सोडल्यानंतरही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत नंबर आहे. तीस वर्षांवरील सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, उपकेंद्रात विचारा.

चट्टा संशयास्पद वाटला तर डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्याला बायोप्सी म्हणतात. "सुरी लागली की पसरतो" या भीतीने सातपुड्याच्या पायथ्यापासून थेट शहरापर्यंत, शिकलेली माणसंसुद्धा पळतात. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. उशीर केल्याने तो वाढतो.

उपचाराची लस: काय खरं, काय अजून प्रयोगात

झालेल्या तोंडाच्या कॅन्सरवर दवाखान्यात जाऊन घेता येईल अशी मान्यताप्राप्त लस आज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रशियातून कॅन्सरच्या लसीची घोषणा झाली तेव्हापासून फॉरवर्डचा पूर आला आहे, आणि पेशंटचे मुलगे ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू का म्हणून विचारतात. ढकलू नका.

संशोधन मात्र खरोखर आशा वाटावी असं चाललं आहे. एका वाटेने एचपीव्हीने झालेल्या घशाच्या कॅन्सरवर लशी बनत आहेत. तिथे कॅन्सरच्या पेशी विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं तयार करत राहतात, म्हणजे परक्याची खूण पेशीवर शिल्लक असते. २०१९ मध्ये जामा ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या छोट्या चाचणीत अशी लस आणि निव्होलुमॅब हे औषध बरे न होणाऱ्या २४ रुग्णांना मिळून दिलं, तेव्हा तिघांपैकी एकाची गाठ लक्षणीय आकसली. मोठ्या चाचण्या सुरू आहेत.

दुसरी वाट आपल्या जास्त कामाची आहे, कारण ती विषाणू नसलेल्या कॅन्सरसाठी आहे. यात ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे जनुक वाचून त्या एका रुग्णापुरती लस बनवतात. टीजी४०५० नावाच्या अशा लसीच्या फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये मांडले गेले. शस्त्रक्रिया आणि पुढचे उपचार संपलेल्या ३२ रुग्णांपैकी १६ जणांना लस लगेच दिली. दोन वर्षांनंतरही त्यांच्यात कुणाचा आजार उलटला नव्हता, उरलेल्या १६ पैकी तिघांचा उलटला होता. आकडा लहान आहे, निष्कर्ष काढायला पुरेसा नाही, पण मी तो वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. आणि नीट बघा, त्या सगळ्यांचं ऑपरेशन आधी झालेलं होतं.

लस आणि इम्युनोथेरपी यांची गल्लतही होते. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इंजेक्शनं लस नव्हेत. शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरने लावलेला ब्रेक ती सोडवतात. मुख्यतः आजार पसरलेल्या किंवा उलटलेल्या रुग्णांना ती देतात, आणि पूर्ण मात्रेत ती आपल्या ऐपतीबाहेरची असतात. इथे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मोलाचं काम केलं आहे. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या उपचारासोबत दिलं. २०२२ साली आलेल्या निकालात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के होतं, ते इंजेक्शनसोबत ४३ टक्क्यांवर गेलं. रुग्णाचा आजार त्या टप्प्यावर असेल तर या कमी मात्रेबद्दल डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

"तुमच्याच रक्तापासून लस बनवून देतो, इतके लाख" असं कुणी म्हणालं तर दोन गोष्टी मागा. ही चाचणी आहे का, असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला, सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक द्या. ती यादी कुणालाही इंटरनेटवर बघता येते. आणि एथिक्स कमिटीने मान्य केलेलं संमतीपत्र मराठीतून द्या. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. लाखांचा आकडा आधी आणि कागद नंतर, असा क्रम दिसला तर शेत गहाण टाकू नका.

निदान झालं असेल तर

बहुतेकांसाठी पहिला उपचार शस्त्रक्रियाच आहे, गरजेप्रमाणे नंतर रेडिएशन आणि किमो. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा आजार असेल तर बायोप्सीच्या तुकड्यावर पी१६ तपासणी झाली का ते विचारा, तीवरून एचपीव्हीचा हात आहे का हे कळतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे आधी जा, पैसे भरल्यावर नाही. हेल्पलाइन १५५३८८. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तपासणी आणि बायोप्सीची सुरुवात तिथे होऊ शकते.

परळला टाटाला जायचं ठरलं तर रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. बायोप्सी जिथे झाली तिथून त्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या, स्लाइड फुटू नयेत म्हणून कडक डबीत ठेवा, सीटी किंवा एमआरआयची सीडी वेगळी. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडं माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठीचा ठरलेला नमुना रुग्णालयाकडून भरून, सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. चोपड्याची माणसं जळगावला किंवा अमळनेरला गाडी धरतात. तिकीट काढायच्या आदल्या दिवशीच तो कागद हातात असू द्या.